पडद्याविना टँगो : प्रस्तावना

कोपनहेगनच्या पालाड्स चित्रपटगृहात १४ सप्टेंबर १९२५ रोजी, डग्लस फेअरबँक्स यांची भूमिका असलेला आणि झोरोच्या पुत्राचे पराक्रम रंगविणारा मूकपट दाखविला गेला, त्या वेळी तेथील वाद्यवृंदाचे नेते व व्हायोलिनवादक याकोब गाडे यांनी त्या चित्रासाठी स्वतः रचलेला एक टँगो वाजविला. मत्सरापोटी घडलेल्या एका हत्येची वर्तमानपत्रातील हकीकत वाचून तो त्यांना सुचला होता, आणि ‘जालूसी’, म्हणजे मत्सर, हे त्याचे नाव त्या हकीकतीची खूण बाळगून आहे. बॉस्टन पॉप्स या वाद्यवृंदाने १९३५ मध्ये त्याची ध्वनिमुद्रिका केली, ती अमाप खपली, आणि पुढे त्या एका रचनेच्या हक्कांतून इतके उत्पन्न होत गेले की गाडे यांच्या पश्चात तरुण संगीतकारांच्या साहाय्यासाठी त्यातून निधी उभा राहिला. तो मूकपट आज चित्रपटेतिहासाच्या अभ्यासकांवाचून फारसे कोणी पाहत नाही. टँगो मात्र जगातील व्हायोलिनवादकांच्या नित्याच्या संग्रहात आहे.

हा वृत्तांत आरंभीच देण्याचे कारण असे की, चित्रपटासाठी रचलेला टँगो पाच-सहा वादकांच्या लहानशा मेळाने, पडदा व चित्र बाजूला ठेवून, श्रोत्यांसमोर बसून वाजवावा, ही तजवीज पुष्कळांना अलीकडची आणि काहीशी कृत्रिम वाटते, आणि तिच्याविषयी असा आक्षेप घेतला जातो की जे संगीत दृश्याच्या चाकरीसाठी निर्माण झाले त्याला दृश्यावाचून उभे करणे म्हणजे भिंत पाडून तिच्यावरील रंग तेवढा जपण्याचा खटाटोप होय. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु त्याच्या मुळाशी जे गृहीत धरलेले आहे, ते इतिहासाच्या दाखल्यावर टिकत नाही. मूकपटाच्या काळात चित्र मुके होते आणि संगीत तेवढे जिवंत होते. प्रेक्षक आणि वादक एकाच छताखाली, एकाच हवेत श्वास घेत होते. आणि चित्रपटातला टँगो प्रथम ऐकू आला तो तारेवरून वा पट्टीवरून नव्हे, तर माणसांच्या हातून. तेव्हा आज एखादा चेंबर मेळ हे संगीत वाजवावयास बसतो, त्या वेळी तो नवी प्रथा सुरू करीत नसून एक खंडित झालेली वहिवाट पुन्हा चालू करीत असतो, हे माझे प्रतिपादन आहे, आणि या पुस्तकातील विवेचन त्याच आधारावर उभे आहे.

टँगो हा मुळातच लहान मेळाचा प्रकार. रिओ दे ला प्लाता नदीच्या विशाल मुखाशी दोन तीरांवर वसलेल्या ब्वेनोस आयरेस आणि मोन्तेविदेओ या बंदरांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, इटली व स्पेनमधून पोटासाठी आलेले स्थलांतरित, आफ्रिकी वंशाचे रहिवासी आणि गवताळ मैदाने सोडून शहराच्या कडेला आलेले गुराखी यांच्या सहवासातून तो घडला, त्या वेळी बासरी, व्हायोलिन आणि गिटार एवढी सामग्री त्याला पुरत असे. पुढे बांदोनेऑन हे भात्याचे वाद्य आले, बासरी मागे सरली, गिटारची जागा पियानोने घेतली, आणि १९२४ च्या सुमारास हुलिओ दे कारो यांनी दोन बांदोनेऑन, दोन व्हायोलिन, पियानो व डबल बास असा सहा जणांचा मेळ बांधून प्रत्येक वाद्याला स्वतंत्र बोलण्याची मुभा दिली. तोवर सर्वांनी एकच चाल एकत्र वाजवावी एवढीच अपेक्षा असे. टँगोतील चेंबर संगीताचा प्रारंभ कोठून धरावा, असे कोणी विचारल्यास मी या सहा जणांकडे बोट दाखवीन.

त्याच काळात ब्वेनोस आयरेसमधील अनेक चित्रपटगृहांत टँगोचे मेळ मूकपटांना साथ करीत, आणि श्रोते कित्येकदा चित्रापेक्षा मेळ कोणाचा आहे हे पाहून तिकीट काढीत. बोलपट अवतरला तेव्हा ही रोजी थोड्याच काळात बुडाली. परंतु ज्या यंत्राने वादकांचे पोट मारले त्याच यंत्राने त्यांना पडद्यावर नेऊन बसविले. अर्जेंटिनातील ध्वनिपथासह निघालेला पहिला पूर्ण बोलपट २७ एप्रिल १९३३ रोजी प्रदर्शित झाला, त्याचे दिग्दर्शक लुईस मोग्लिया बार्थ होते आणि त्याचे नावच ‘टँगो!’ असे होते. कथानक नाममात्र, आणि तीता मेरेयो, लिबेर्ताद लामार्के, आसुसेना मायसानी यांची गाणी व नामांकित मेळांचे वादन यांचीच त्यात रेलचेल. आदल्याच वर्षी आपल्याकडे कोल्हापुरात प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ काढला, त्याचे संगीत गोविंदराव टेंब्यांचे होते आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच होती. रंगभूमीवर ज्या गाण्याने माणसे तृप्त होत तेच गाणे बोलू लागलेल्या पडद्याने प्रथम आपलेसे करावे, हे दोन्ही मुलखांत सारख्याच ओढीने घडले. मराठी वाचकाला अर्जेंटिनाच्या त्या पहिल्या बोलपटाची प्रकृती समजण्यास याहून जवळचा दुवा सापडणार नाही.

आता वाद्यांविषयी. बांदोनेऑन हे वाद्य जर्मनीचे. क्रेफेल्ड येथील हाइनरिख बांट यांच्या नावावरून ते ओळखले जाते, आणि वादकांना सर्वांत प्रिय असलेली वाद्ये सॅक्सनीतील कार्ल्सफेल्ड येथे आल्फ्रेड आर्नोल्ड यांच्या कारखान्यात तयार झाली. ज्याने पेटी जवळून ऐकली आहे त्याला या वाद्याचे मर्म अर्धे अगोदरच ठाऊक असते, कारण दोहोंतही भात्याची हवा धातूच्या पातळ सुरांतून जाऊन नाद उमटतो. फरक इतकाच, पण तो फार मोठा, की पेटीचा भाता एका हाताने चालतो आणि दुसरा हात पट्ट्यांवर मोकळा राहतो, तर बांदोनेऑनचा भाता दोन हातांच्या मध्ये असतो, वादक तो मांडीवर ठेवून उघडतो व मिटतो, आणि एकाहत्तर कळींपैकी बहुतेक प्रत्येक कळ भाता उघडताना एक स्वर देते आणि मिटताना दुसरा. म्हणजे एकच चाल येताना काही बोटांनी आणि जाताना निराळ्या बोटांनी वाजवावी लागते. यामुळे वाद्य शिकण्यास दुष्कर झाले, हे खरे. परंतु याच कारणाने त्याच्या वाक्याला श्वासाची लांबी मिळाली. भाता ताणत जातो तसा स्वर वाढत जातो, भाता संपत आला की वाक्य आपोआप उतरते, आणि जाणता वादक गुडघ्यावर भात्याला हलका धक्का देऊन शब्दाच्या अखेरीस जो आघात निर्माण करतो, तो कोणत्याही लिपीत लिहून दाखविता येत नाही.

टँगोच्या मेळात तबला नाही, ढोल नाही, झांज नाही. चर्मवाद्य असे त्यात बहुधा एकही नसते, आणि तरीही ऐकणाऱ्याचे पाऊल लयीने बांधले जाते. हे काम पियानोचा डावा हात आणि डबल बास करतात, आणि त्यांच्या जोडीला तंतुवादक आपल्या वाद्यांची लाकडे, घोड्या आणि तारा अशा रीतीने वापरतात की युरोपीय संगीतशाळेतील गुरूने ते पाहून भुवया उंचवाव्यात. व्हायोलिनच्या घोडीमागील तारेच्या आखूड तुकड्यावर गज घासून काढलेला किड्यासारखा करकरीत आवाज; तारेवरून बोट सर्रकन वर नेऊन मारलेला चाबकासारखा फटकारा; नखाने तार अडवून छेडल्यावर येणारा ताशासारखा कोरडा ठोका; आणि मात्रेच्या किंचित आधी, खालच्या स्वरातून सरपटत येऊन मात्रेवर आदळणारा बासचा तो जडशीळ ओढा, ज्याला ब्वेनोस आयरेसचे वादक ‘आरास्त्रे’ म्हणतात. हे सारे ध्वनी सूक्ष्म आहेत. साठ वादकांच्या वृंदात ते बुडून जातात, चित्रपटाच्या ध्वनिपथात संवाद, पावलांचे आवाज आणि रस्त्यावरील गलबला यांच्याखाली ते दबले जातात. पाच-सहा जण हाताच्या अंतरावर बसून वाजवितात तेव्हाच ते आपले पूर्ण काम करतात. लहान मेळ हा काटकसरीचा उपाय नव्हे, असे जे मी म्हणतो त्याचे खरे प्रमाण येथे आहे.

कार्लोस गार्देल यांचा उल्लेख इतका वेळ लांबविला तो हेतुपुरस्सर. आवाज, चेहरा आणि हास्य या तिन्हींनी लॅटिन अमेरिकेला जिंकलेला हा गायक १९३४ आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कमधील अस्टोरिया येथील पॅरामाऊंटच्या स्टुडिओत लागोपाठ चित्रपट करीत होता. चाली त्याच्या, शब्द आल्फ्रेदो ले पेरा यांचे, आणि वाद्यरचना तेरिग तुच्ची यांच्या हातची. त्यांतील ‘टँगो बार’ या चित्रासाठी ‘पोर उना काबेसा’ हे गीत झाले. घोड्यांच्या शर्यतीत एका डोक्याच्या अंतराने हरणारा जुगारी आपल्या प्रेमातील हारही त्याच मापाने मोजतो, असा त्याचा विषय. २४ जून १९३५ रोजी कोलंबियातील मेदेयिन येथील विमानतळावर झालेल्या अपघातात गार्देल आणि ले पेरा दोघेही मरण पावले, आणि त्यानंतर ही गीते केवळ गीते राहिली नाहीत. एका खंडाच्या शोकाची ती मिरास झाली.

‘पोर उना काबेसा’ची बांधणी पाहा. पहिला भाग प्रसन्न मेजर स्वरांत, जवळजवळ थट्टेच्या सुरात, जणू जुगारी आपली हार मित्रांना हसून सांगत आहे; आणि दुसऱ्या भागाच्या उंबरठ्यावर तीच भूमी एकाएकी मायनरमध्ये कलते, चाल वर झेप घेते, आणि हसण्याखाली काय होते ते उघडे पडते. या एका वळणासाठी पुढच्या पिढ्यांतील दिग्दर्शक या गीताकडे पुनःपुन्हा वळले. १९९२ मधील ‘सेंट ऑफ अ वुमन’ या चित्रात अल पचिनो यांनी रंगविलेला आंधळा सेवानिवृत्त लष्करी अधिकारी एका अपरिचित तरुणीला नृत्यास नेतो, तेव्हा हीच चाल वाजते. पुढच्याच वर्षी ‘शिंडलर्स लिस्ट’मध्ये आणि १९९४ मध्ये ‘ट्रू लाइज’मध्ये ती ऐकू आली. पचिनोच्या दृश्यात ती वाजविणारा मेळ म्हणजे ‘द टँगो प्रोजेक्ट’ : विल्यम शिमेल यांचे अॅकॉर्डियन, स्टॅन कर्टिस यांचे व्हायोलिन आणि मायकेल साल यांचा पियानो. तिघेच. बांदोनेऑनऐवजी अॅकॉर्डियन आहे याची खंत शुद्धतावाद्यांनी करावी. मला मात्र त्या दृश्याचे सारे सामर्थ्य त्या तिघांच्या विरळपणात दिसते, कारण नाचणाऱ्या आंधळ्याला जमिनीचा अंदाज घेण्यास जेवढी जागा लागते तेवढी जागा ते स्वरांमध्ये मोकळी ठेवतात. इझाक पर्लमन यांच्यासाठी जॉन विल्यम्स यांनी केलेली मोठ्या वाद्यवृंदाची रचना अतिशय देखणी आहे. तिच्यातील व्हायोलिन ऐकून कोणाचेही मन भरून येईल. तथापि तिच्यात हरलेला जुगारी मला सापडत नाही.

गार्देलच्या ‘एल दिया के मे किएरास’ या १९३५ च्या चित्रात वर्तमानपत्रे विकणाऱ्या पोराच्या क्षणभराच्या भूमिकेत एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा दिसतो. तो आस्तोर पियासोला. मार देल प्लाता येथे ११ मार्च १९२१ रोजी जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या या मुलाला वडिलांनी जुन्या वस्तूंच्या दुकानातून बांदोनेऑन आणून दिले होते, आणि शेजारच्या हंगेरियन पियानोवादकाकडून त्याला बाखची गोडी लागली होती. गार्देलने त्याला आपल्या दौऱ्यावर नेण्याची इच्छा दर्शविली. मुलगा लहान म्हणून वडिलांनी नकार दिला. तोच तो दौरा, जो मेदेयिनला संपला. पुढे पॅरिसमध्ये १९५४ साली नादिया बूलांजे यांच्याकडे शिकण्यास गेलेल्या पियासोलाला त्या थोर विदुषीने त्याच्या सिंफनींपेक्षा त्याच्या टँगोतच त्याचा स्वतःचा आवाज आहे हे दाखवून दिले, आणि १९६० मध्ये त्याने बांदोनेऑन, व्हायोलिन, पियानो, विद्युत गिटार व डबल बास अशा पाच वाद्यांचा मेळ स्थापन केला. आज चित्रपटातील टँगो वाजविणारे बहुतेक चेंबर मेळ कळत-नकळत याच पंचकाचे वंशज आहेत.

पियासोलाने चित्रपटांसाठी पुष्कळ लिहिले, आणि त्यातील सारेच सारख्या मोलाचे नाही, हे त्याच्या चाहत्यांनी मान्य केले पाहिजे. परंतु १९८४ मध्ये मार्को बेलोक्यो यांनी पिरांदेलोच्या ‘एन्रिको चौथा’ या नाटकावर केलेल्या चित्रपटात ‘ओब्लिव्हियॉन’ ही रचना आहे, आणि तिच्यापाशी थांबल्यावाचून पुढे जाता येत नाही. सोंगाच्या मिरवणुकीत घोड्यावरून पडलेला, स्वतःला मध्ययुगीन सम्राट समजू लागलेला, आणि शुद्धीवर आल्यानंतरही वर्षानुवर्षे ते सोंग जाणूनबुजून चालविणारा एक मनुष्य मार्चेलो मास्त्रोयानी यांनी त्यात उभा केला. या कथेला पियासोलाने काय दिले? एक दीर्घ स्वर, त्याच्या टोकाशी काही जलद स्वरांचे वळण, आणि पुन्हा एक दीर्घ स्वर. आणि खाली, कोठेही न थांबणारी, आठ मात्रांचे तीन, तीन आणि दोन असे खंड पाडणारी मंद चाल. वरचा स्वर काळ विसरलेला आहे, खालची लय काळ मोजीत आहे. ज्याने तो चित्रपट कधी पाहिला नाही त्यालाही त्या दोन पातळ्यांमधील अंतर ऐकू येते, आणि जगभर ही रचना वाजविणाऱ्या ओबोवादकांपैकी, व्हायोलिनवादकांपैकी व त्यांच्या श्रोत्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नाही.

हीच रचना सर्वाधिक बिघडवलीही जाते. वरची चाल गोड आहे म्हणून वादक तिच्यात गुंततो, प्रत्येक दीर्घ स्वरावर कंपनांचा वर्षाव करतो, आणि सोबतचे वादक त्याच्या मनाप्रमाणे लय सैल सोडतात. मग उरते ते केवळ हळवेपण. खालच्या तीन-तीन-दोनने आपला हुकूम सोडता कामा नये. मोठ्या वृंदात ही शिस्त राखण्याची जबाबदारी संचालकाची. लहान मेळात ती पियानो, गिटार आणि बास यांनी परस्परांच्या श्वासाकडे लक्ष ठेवून राखावयाची असते, आणि ती राखली गेली म्हणजे वरचा स्वर थोडा मागे रेंगाळला तरी त्याचे रेंगाळणे अर्थपूर्ण होते. ज्याला चेंबर वादनाचा खरा धर्म समजून घ्यावयाचा आहे त्याने ‘ओब्लिव्हियॉन’ची साथ ऐकावी, चाल नव्हे.

फेर्नांदो सोलानास यांच्या दोन चित्रपटांची गोष्ट याहून निराळी, आणि माझ्या प्रतिपादनाला ती सर्वस्वी अनुकूल नाही. १९७६ मध्ये अर्जेंटिनात लष्कराचा अंमल बसला, हजारो माणसे नाहीशी केली गेली, आणि सोलानास पॅरिसला परागंदा झाले. तेथील अर्जेंटिनी निर्वासितांच्या जीवनावर त्यांनी १९८५ मध्ये ‘एल एक्सिलिओ दे गार्देल’ हा चित्रपट केला, त्याच्या संगीतासाठी पियासोलाला फ्रान्समधील सेझार पारितोषिक मिळाले. आणि १९८८ मध्ये ‘सुर’ केला, त्यात लष्करी राजवट मावळताना तुरुंगातून सुटलेला एक मनुष्य रात्रभर आपल्या वस्तीतून भटकतो, आणि वृद्ध टँगोगायक रोबेर्तो गोयेनेचे प्रत्यक्ष पडद्यावर येऊन गातो. गोयेनेचेचा आवाज तोवर झिजला होता. तो शब्द गातो की बोलतो हे सांगणे कठीण. परंतु प्रत्येक अक्षरामागे एक शहर उभे असते. हे संगीत चित्रावाचून वाजविता येते का? येते, आणि अनेक मेळ ‘व्हुएल्व्हो आल सुर’ उत्तम वाजवितात. पण गोयेनेचेची जागा व्हायोलिनला दिली की जे जाते ते परत येत नाही. ज्या रचनेचा अर्धा अर्थ एका विवक्षित माणसाच्या कंठात आणि एका राष्ट्राच्या ताज्या जखमेत आहे, तिला मेळाने हात घालू नये असे मी म्हणत नाही. गायक सोबत घ्यावा, किंवा गायक नसल्यास मूळ चाल बांदोनेऑनकडे द्यावी, इतकेच सुचवितो, कारण त्या वाद्याचा भाता निदान थकतो तरी.

इतर नावे येथे थोडक्यात घेतो. ‘लास्ट टँगो इन पॅरिस’साठी रोसारिओच्या गातो बार्बिएरी यांनी १९७२ मध्ये लिहिलेले संगीत सॅक्सोफोनभोवती बांधलेले असल्याने लहान मेळात ते सहज रुळते. अर्जेंटिनात जन्मलेले लुईस बाकालोव्ह यांना ‘इल पोस्तिनो’साठी ऑस्कर मिळाले, आणि त्या इटालियन बेटाच्या कथेत बांदोनेऑन आणून त्यांनी सिद्ध केले की हे वाद्य आपला मुलूख सोडूनही आपली भाषा सोडीत नाही. कार्लोस साउरा यांच्या १९९८ मधील ‘टँगो’चे संगीत लालो शिफ्रिन यांचे, त्यातील नवीन भागांपेक्षा जुन्या टँगोंची मांडणी मला अधिक सकस वाटते. वाँग कार-वाय यांनी ‘हॅपी टुगेदर’ प्रत्यक्ष ब्वेनोस आयरेसमध्ये चित्रित करताना पियासोलाचे अगोदर रचलेले संगीत घेतले, म्हणून कडक अर्थाने ते या पुस्तकाच्या कक्षेत येत नाही, तथापि एक प्रकरण त्यासाठी राखून ठेवण्याचा मोह आवरला नाही.

मराठी श्रोत्याचे या संगीताशी एक नाते आहे, आणि ते गोव्याच्या वाटेने येते. पोर्तुगीज अंमलातील गोव्यात चर्चच्या पाठशाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले तरुण मुंबईस आले, मूकपटगृहांतील आणि हॉटेलांतील वाद्यवृंदांत त्यांनी नृत्यसंगीत वाजविले, आणि बोलपटाचा काळ आला तेव्हा हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांच्याच बळावर उभे राहिले. माजोर्डाचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि सेबॅस्टियन डिसोझा, ज्यांनी शंकर-जयकिशन यांच्या कित्येक गीतांची वाद्यरचना केली, यांची नावे श्रेयनामावलीत फारच क्वचित आली. कोपनहेगनचा गाडे आणि मुंबईच्या चित्रगृहातील गोवेकर व्हायोलिनवादक हे एकाच पेशाचे, एकाच संकटातून गेलेले लोक होते. तेरिग तुच्चीचे नाव गार्देलच्या चरित्रांत जेवढे येते तेवढेही या मंडळींचे आपल्या दप्तरात येऊ नये, याचे मला फार वाईट वाटते, आणि म्हणूनच पुढे प्रत्येक रचनेसोबत, जेथे निश्चित माहिती उपलब्ध आहे तेथे, संगीतकाराच्या बरोबरीने वाद्यरचनाकाराचे नाव दिले आहे.

प्रकरणांचा क्रम कालानुसार नाही. आरंभी ‘जालूसी’ आहे, मग एकदम ‘ओब्लिव्हियॉन’, आणि त्यानंतर गार्देल. कारण पहिल्या दोन रचना चित्रपटापासून पूर्णपणे सुटलेल्या आहेत आणि त्या ऐकून कान तयार झाला म्हणजे गार्देलच्या गीतांतील शब्दांची उणीव वाद्ये कशी भरून काढतात हे ओळखणे सुलभ जाते. सोलानासचे चित्रपट अखेरीस ठेवले आहेत. वाचकाने प्रत्येक रचना प्रथम लहान मेळाकडून ऐकावी, शक्य तर दोन निरनिराळ्या मेळांकडून, आणि मगच तो चित्रपट पाहावा. ‘सुर’च्या बाबतीत तेवढा हा क्रम उलट करावा, आणि गोयेनेचेला प्रथम पडद्यावर गाताना पाहून घ्यावे.